सिमोन बितों: भिंतीच्या दोन्ही बाजूंची भाषा येणारी बाई

गोधडी (धागाकर्ती)

फ्रेंच-मोरोक्कन दिग्दर्शिका म्हटलं की हल्ली पटकन नाव येतं ते 'दिव्हीन'वाल्या हूदा बेन्यामिनाचं. २०१६ला कान चित्रपट महोत्सवात तिला कॅमेरा द'ऑर (पहिल्या फिल्मसाठीचं बक्षीस) मिळाला, त्यामुळे ते रास्तही आहे. पण आज लिहायचंय ते तिच्या आधीच्या पिढीतल्या एका बाईबद्दल. ही माहितीपट करते, आणि ज्यांना हात लावला की दोन्हीकडून शिव्या बसतात असेच विषय बरोब्बर निवडते. सिमोन बितों.

जन्म १९५५, रबात. घर ज्यू. घरात मोरोक्कोची बोली अरबी, शाळेत फ्रेंच. ती जन्मली तेव्हा फ्रेंचांचा अंमल शेवटच्या घटका मोजत होता, पुढच्याच वर्षी देश स्वतंत्र झाला. १९४८च्या सुमारास मोरोक्कोत अडीच लाखांच्या आसपास ज्यू होते, अरब देशांतला सगळ्यात मोठा ज्यू समाज. इस्रायल झाल्यावर तो रिकामा होत गेला, आज काही हजार उरलेत. बितोंचं कुटुंब १९६६ साली निघालं, ती अकरा वर्षांची असताना, आणि जेरुसलेमला जाऊन राहिलं.

तिथे अरबी ही शत्रूची भाषा. सरकार, विद्यापीठं, वर्तमानपत्रं युरोपातून आलेल्या ज्यूंच्या हातात. मोरोक्कोहून आलेल्यांच्या वाट्याला वाळवंटाच्या कडेला वसवलेली गावं, नाहीतर शहरातल्या पडक्या वस्त्या. १९७१मध्ये जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीतल्या मोरोक्कन पोरांनी अमेरिकेतल्या चळवळीचं नाव उचलून 'ब्लॅक पँथर्स' काढली, ती या रागातून. (आपल्याकडे दलित पँथर १९७२ची. त्यावर कुणाला लिहायचं असेल तर वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.)

१९७३चं अरब-इस्रायल युद्ध लागलं तेव्हा बितों लष्करात होती. त्या युद्धाने तिला कायमचं युद्धविरोधी केलं. मग पॅरिस. इदेक या तिथल्या नावाजलेल्या सिनेमाशाळेतून ती १९८१ला बाहेर पडली. तेव्हापासून पॅरिस, जेरुसलेम, रबात असं तिचं येणंजाणं चालू आहे. स्वतःला ती 'अरब ज्यू' म्हणवते. या दोन शब्दांतला कुठलाही एक गाळायची तिची तयारी नाही, आणि तिच्या कामाचं सगळं त्रांगडं मला तिथेच दिसतं.

सुरुवातीच्या फिल्मांबद्दल फार लिहीत नाही. १९९०मध्ये तिने अरबी गाण्यातल्या तीन बड्या नावांवर, उम्म कुलथुम, मोहम्मद अब्देल वहाब आणि फरीद अल-अत्राश यांच्यावर फिल्म केल्या. १९९३ला पॅलेस्टाइनच्या इतिहासावर जुन्या चित्रणातून जुळवलेली दोन भागांची मालिका. १९९७ला कवी महमूद दरवेशवर, इलियास सनबार या पॅलेस्टिनी इतिहासकाराबरोबर. ज्यू बाई पॅलेस्टाइनच्या राष्ट्रकवीवर फिल्म करते आणि ती फ्रेंच टीव्हीवर लेखकांवरच्या मालिकेत लागते!

मला मुख्यतः बोलायचंय ते 'म्यूर' (भिंत) या २००४च्या फिल्मबद्दल. इस्रायलने २००२पासून वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशाच्या बाजूने कुंपण आणि भिंत बांधायला घेतली. आखलेली लांबी सुमारे सातशे किलोमीटर, आणि शहरी भागात आठ-आठ मीटर उंचीचे काँक्रीटचे पाट. बितों ते काम चालू असताना कॅमेरा घेऊन तिथे गेली. निवेदन नाही, नकाशे नाहीत, तज्ज्ञ नाहीत. ती स्वतः चौकटीत येत नाही, फक्त तिचा आवाज ऐकू येतो. समोरचा हिब्रू बोलणारा असेल तर हिब्रूत, अरबी बोलणारा असेल तर अरबीत. मजूर, शेतकरी, किबुत्झमधले (सामूहिक शेतीच्या वसाहतीतले) लोक, रस्त्यावरची पोरं.

त्यातला एक शॉट सांगते. कॅमेरा एका जागी रोवलेला. समोर टेकडी, घरं, आभाळ. क्रेन एक पाट उचलून आणते, तो लोंबकळत खाली येतो, माणसं हाताने त्याला जागेवर बसवतात. मग दुसरा. मग त्याच्या शेजारी तिसरा. कुणी बोलत नाही, फक्त यंत्राची घरघर. दर पाटागणिक डोळ्यांसमोरचा तेवढा तुकडा कापला जातो. शेवटी चौकटभर नुसती करडी काँक्रीट. भाषण करून हे समजावता आलं नसतं.

फिल्म कानमध्ये डायरेक्टर्स फोर्टनाइट विभागात दाखवली गेली, मार्सेयच्या महोत्सवात पहिलं बक्षीस, आणि २००५ला सनडान्समध्ये ज्युरींचं खास पारितोषिक. कुणी तिचं काही पाहिलंय का?

सांजवारा

लेख आवडला. मी फक्त उम्म कुलथुमवाली पाहिली आहे, तीही गाण्याच्या नादाने. त्या बाईची दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवर मैफल असायची आणि कैरोपासून पार मोरोक्कोपर्यंत लोक रेडिओला कान लावून बसायचे. मग मोरोक्कोतल्या ज्यू घरांतही तीच ऐकली जात असणार. तुझा लेख वाचून आता कळलं की ही फिल्म तिने का केली असेल. जेरुसलेममध्ये गेल्यावर खिडकी बंद करून ऐकावं लागावं असं ते गाणं झालं.

हिशोबी

लेखनशैली छान आहे पण दुसरी बाजूही येऊ द्या. २००० ते २००५ या दुसऱ्या इंतिफादात (पॅलेस्टिनी उठावात) हजाराच्या आसपास इस्रायली मेले. बसमध्ये, हॉटेलात, बाजारात स्फोट. भिंत झाल्यावर आत्मघातकी हल्ले झपाट्याने खाली आले. ज्याचं पोर बसने शाळेत जातं त्याला टेकडी दिसते की नाही याचं सोयरसुतक नसतं. पॅरिसमध्ये राहून काँक्रीटचं सौंदर्यशास्त्र करणं सोपं आहे.

तिरकस

झालं. आता हा धागा दोनशे प्रतिसाद खाणार आणि त्यात सिनेमा या विषयावर चार असणार. मी पॉपकॉर्न आणतो.

गोधडी

@तिरकस, येताना मलाही आण.

@हिशोबी, मुद्दा रास्त आहे आणि तो फिल्ममध्ये आहे. संरक्षण मंत्रालयाचे तेव्हाचे महासंचालक आमोस यारोन टेबलामागे बसून, मागे झेंडा वगैरे, भिंत कशासाठी, कशी, किती खर्चाची हे सगळं सविस्तर सांगतात. बितों त्यांना तोडत नाही. प्रश्न विचारते आणि बोलू देते. सुरक्षेची बाजू तिथे पूर्ण आहे, आणि सांगणारा माणूस अधिकारी आहे.

दुसरं असं की भिंत सीमेवर असती तर वाद निराळा झाला असता. आखणीचा ८५ टक्के भाग वेस्ट बँकच्या आतून जातो. म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती बेकायदा असल्याचं मत दिलं. माणसाचं घर एका बाजूला आणि त्याची ऑलिव्हची झाडं दुसऱ्या बाजूला, हे बसमधल्या पोराच्या सुरक्षेचं गणित राहत नाही.

आणि तिसरं, स्फोटांबद्दल. १९९८ची तिची 'लातांता' ही फिल्म नेमकी त्यावरच आहे. ४ सप्टेंबर १९९७ला जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर तीन आत्मघातकी हल्लेखोरांनी स्फोट केले. मेलेल्यांत स्मादर एल्हानान ही तेरा वर्षांची मुलगी होती. तिची आई नुरीत पेलेद-एल्हानान, आजोबा इस्रायलचे जनरल मत्ती पेलेद. बितों मेलेल्यांच्या घरी जाते आणि हल्लेखोरांच्या आईवडिलांच्याही घरी जाते. यातलं कुठलंही एक घर टाळलं असतं तर कुणी शिव्या दिल्या नसत्या.

हिशोबी

हल्लेखोराच्या आईला नि मुलीच्या आईला एकाच फिल्ममध्ये बसवणं मला तत्त्वतःच पटत नाही. दुःख सारखं असेल, जबाबदारी सारखी नसते. पण 'म्यूर' मिळाली तर बघतो.

चक्रमादित्य

ज्या मंडळींना बितों एकांगी वाटते त्यांनी 'रेचेल' (२००९) बघावी, आणि ज्यांना ती देवी वाटते त्यांनीही. रेचेल कॉरी, अमेरिकन, २३ वर्षांची. १६ मार्च २००३ला गाझाच्या रफाहमध्ये एका पॅलेस्टिनी कुटुंबाचं घर पाडू नये म्हणून लष्करी बुलडोझरसमोर उभी राहिली आणि त्याखाली गेली. सैन्याचं म्हणणं, चालकाला ती दिसलीच नाही. तिच्या साथीदारांचं म्हणणं, नारिंगी जाकीट घातलेली बाई दिसली नाही कशी?

बितों या फिल्ममध्ये पोलिसी तपासासारखी चालते. साथीदार काय सांगतात, सैन्याची माणसं काय सांगतात, डॉक्टर काय सांगतो, कागदावर काय आहे. मधेमधे रेचेलच्या मित्रमैत्रिणी तिच्या ईमेल वाचून दाखवतात. शेवटी निकाल देत नाही. मला ते आधी खटकलं होतं, म्हणजे बाई, एवढं खणलंत तर बोला की. पण पुढे कोर्टात जे झालं ते पाहता तिचं न बोलणं जास्त टोचतं: २०१२ला हैफाच्या कोर्टाने कॉरी कुटुंबाचा दावा फेटाळला, २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं.

जाता जाता, २००९ला सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यू चित्रपट महोत्सवाने ही फिल्म लावली आणि रेचेलच्या आईला बोलावलं, तर देणगीदारांपासून सगळे तुटून पडले. ज्यूंच्या महोत्सवात ज्यू बाईची फिल्म!

मुक्काम लिऑन

मी 'झियारा' (२०२०) पाहिली, त्याबद्दल लिहितो. बाकीच्या फिल्मांपेक्षा ही वेगळी आहे, इथे बितों इस्रायल-पॅलेस्टाइन सोडून जन्मगावाच्या देशात परत येते.

विषय असा: मोरोक्कोतले ज्यू गेले पण त्यांची दफनभूमी, देवळं, संतांच्या समाध्या तिथेच राहिल्या. मग त्या सांभाळतं कोण? मुसलमान. गावोगावी एखादी बाई, एखादा म्हातारा, ज्याच्याकडे किल्ली आहे. कुणाच्या बापाकडून आलेली, कुणाच्या सासूकडून. कबरी झाडतात, चुना मारतात, वर्षातून एकदा परदेशातून यात्रेकरू आले की दार उघडून देतात. झियारा म्हणजे आपण जियारत म्हणतो तेच, संताच्या दर्शनाला जाणं. मोरोक्कोत ज्यू आणि मुसलमान दोघेही ते करायचे, कित्येकदा एकाच संताकडे.

बितों त्या माणसांशी तिथल्या बोलीत गप्पा मारते. 'म्यूर'मधला तिचा आवाज नि इथला आवाज शेजारी ठेवून ऐका. इथे ती मोकळी आहे, हसते. त्यांनाही ती परकी वाटत नाही, गावची मुलगी फार वर्षांनी आलीय असं वागतात. कासाब्लांकाच्या ज्यू संग्रहालयाच्या प्रमुख झोर रेहिहिल यात आहेत. अरब जगातलं हे ज्यूंचं संग्रहालय, आणि ते चालवणारी बाई मुसलमान. त्या ज्या तळमळीने वस्तू दाखवतात त्यात नोकरीचा सूर नाही.

माझ्या इमारतीत मोरोक्कन कुटुंबं बरीच आहेत. फिल्मबद्दल बोललो तर एक आजोबा म्हणाले, आमच्या गल्लीतला सोनार ज्यू होता, एका सकाळी दुकान उघडलंच नाही. त्यापुढे त्यांनी विषय बदलला.

मावळतीकर

'झियारा' मीही पाहिली आणि थोडी शंका मनात राहिली. माणसं निघून गेल्यावर त्यांच्या कबरींवर प्रेम करणं स्वस्त असतं. ती असताना काय होतं? मोरोक्कोच्या सरकारला तर हा गोडवा हवाच आहे. २०११च्या घटनेत ज्यू वारसा देशाच्या ओळखीचा भाग म्हणून लिहून टाकला, दफनभूमी दुरुस्त केल्या, २०२०च्या डिसेंबरात इस्रायलशी संबंध जोडले. पर्यटन आणि मुत्सद्देगिरी दोन्ही साधलं. अशा हवेत ही फिल्म येते. बितोंसारख्या तिखट बाईने सरकारला एवढं मोकळं सोडावं?

मुक्काम लिऑन

पण तिने सरकारी माणसं घेतलीच नाहीत हो. मंत्री नाही, राजवाडा नाही. ज्यांच्या हातात झाडू आहे तेच लोक. आणि मोरोक्कोच्या राजवटीबद्दल ती गप्प बसणारी नाही. २००१ची तिची बेन बरकावरची फिल्म बघा. मेहदी बेन बरका, गणिताचा मास्तर, राजा दुसरा हसन युवराज असताना त्याला शिकवलेला, पुढे त्याचाच सगळ्यात मोठा विरोधक. २९ ऑक्टोबर १९६५ला पॅरिसमध्ये ब्रासेरी लिपसमोरून भरदिवसा उचलला गेला तो आजतागायत सापडलेला नाही, प्रेतसुद्धा नाही.

मावळतीकर

बेन बरकावाली यादीत टाकली. 'झियारा'बद्दलची शंका मात्र तशीच आहे, कारण झाडू कुणाच्या पगारावर चालतो हाही प्रश्न असतोच.

अष्टागर

अवांतर होईल पण राहवत नाही. आमच्या अलिबागजवळ खंडाळा गाव आहे (घाटातलं नव्हे). तिथे बेने इस्रायली लोकांचं एलियाहू हन्नाबीचं ठिकाण आहे. खडकावर घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाची खूण आहे असं मानतात. कोकणातले हे ज्यू, ज्यांना आपण शनिवार तेली म्हणायचो, बहुतेक इस्रायलला गेले, पण नवस फेडायला अजून येतात. मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. जवळच नवगावला त्यांच्या पूर्वजांची स्मशानभूमी. जहाज फुटून किनाऱ्याला लागले ते इथेच, अशी त्यांची परंपरा सांगते.

शहरातलं त्यांचं सिनेगॉग बंद दार लावून शांत असतं, पण गल्लीला नाव अजून इस्रायल आळी. बितोंला कोकणात आणायला हवं होतं.

पोयनाडची पणती

अष्टागर, तुमचा प्रतिसाद वाचून लॉगिन केलं, एरवी मी फक्त वाचते. मी बेने इस्रायली. आजोबा-आजी साठच्या दशकात मुंबईहून दिमोनाला गेले. दिमोना म्हणजे गोधडीताईंनी लिहिलंय तसं वाळवंटाच्या कडेचं गाव, आणि शेजारीपाजारी सगळे मोरोक्कन. आजीला मराठी आणि थोडं हिंदी, शेजारणीला अरबी आणि थोडं फ्रेंच. हिब्रू दोघींची कच्ची. वल्हांडण हा ज्यूंचा सण संपला की त्या रात्री मोरोक्कन लोकांचा मिमूना असतो, घराची दारं सताड उघडी, कुणीही यावं. शेजारीण तव्यावर पातळ मुफलेता भाजून, लोणी-मध लावून, गुंडाळी करून हातात द्यायची. आजी त्याला शेवटपर्यंत 'तिची घावनं' म्हणायची. त्या शेजारणीनेच सांगितलेलं की मोरोक्कोत त्या रात्रीचं पीठ मुसलमान शेजारी आणून द्यायचे, कारण सणात घरात खमीर ठेवायचं नसायचं.

काळे-गोरे आम्हीही सोसलंय. १९६२मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्रायलींशी लग्न लावण्याआधी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ तपासा. आमच्या लोकांनी धरणं धरलं, १९६४ला जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा कुठे माघार घेतली गेली. आजोबा त्या गोष्टीवर बोलायचे नाहीत, वर्तमानपत्राची कात्रणं मात्र ट्रंकेत होती.

बितोंचं राजकारण माझ्या घरात निम्म्या लोकांना अजिबात चालणार नाही. मामेभाऊ सैन्यात आहेत. तरी 'झियारा' आईला दाखवणार आहे. तिला खंडाळ्याचा रस्ता अजून तोंडपाठ आहे.

गोधडी

@पणती, लिहीत रहा. हे स्वतंत्र धाग्याचं आहे.

@मावळतीकर, शंका मला मान्य आहे, उत्तरही एका फिल्मने मिळणारं नाही. पण 'म्यूर'मध्ये भिंत बांधणारे मजूर पॅलेस्टिनीच आहेत, आणि पोटासाठी ते काम करतोय हे ते तिला सरळ सांगतात. तिथेही पगाराचा प्रश्न ती लपवत नाही. मला तिच्यात हेच आवडतं की माणूस आपल्या बाजूचा निघावा म्हणून ती त्याला साफसूफ करून मांडत नाही.

हिशोबी

'म्यूर' बघितली. माझं मत बदललेलं नाही, यारोनचं म्हणणं मला अजूनही जास्त पटतं. फिल्म संथ आहे, मधे दोनदा थांबवून चहा केला. जेरुसलेमला लागून असलेल्या अबू दिस या पॅलेस्टिनी गावातला भाग मात्र डोक्यातून जात नाही. अजून पूर्ण उंचीची झालेली नाही अशा भिंतीवरून लोक चढून पलीकडे जातायत, रोजचा रस्ता असल्यासारखे, पिशव्या वर देतायत, म्हातारीला दोघं खालून आधार देतायत. सैनिक बहुधा जवळच असणार. एवढ्या पैशात हे? असा माझा हिशोबी प्रश्न.

चक्रमादित्य

@हिशोबी, मग आता 'लातांता'. नंतर भांडू.

सांजवारा

तिचं नवीन काही आलंय का?

मुक्काम लिऑन

आलंय. २०२४च्या मराकेश महोत्सवात 'हाज एदमों'वरची फिल्म दाखवली. एदमों अम्रान एल मालेह, १९१७ला साफीत जन्मलेले मोरोक्कन ज्यू लेखक. तरुणपणी कम्युनिस्ट, स्वातंत्र्यलढ्यात होते, १९६५ला फ्रान्सला निघून गेले, आणि पहिलं पुस्तक काढलं ते साठी उलटल्यावर. इस्रायलला गेले नाहीत. शेवटी मोरोक्कोत परतले, २०१०ला रबातला वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन एस्सौइराला झालं. ज्यू माणसाला लोक प्रेमाने हाजी म्हणायचे, यातच बितोंला हवं ते सगळं आलं असणार. मी अजून पाहिलेली नाही, इथे लागली की लिहितो.

तिरकस

दोनशे प्रतिसादांचा अंदाज फसला, पॉपकॉर्न उरलंय. 'म्यूर' सबटायटलसकट कुठे मिळेल ते कुणीतरी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.